मामा तलावाचा उथळ काठ : प्रकल्प नोंदी, मे २०२४ ते मार्च २०२५

९ मे २०२४

कामाला सुरुवात झाली. तलाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, आमच्याच गावचा, मालगुजारी काळातला, म्हणून माजी मालगुजारी, थोडक्यात मामा तलाव. सकाळी ढिवर, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यातले एक काकाजी, बचत गटाच्या बाया आणि मी, वरच्या टोकापासून पाळीपर्यंत, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधापर्यंत, तलावाच्या पोटातून चाललो. पाणी आता पाळीलगत तेवढं उरलंय, बाकी सगळी भेगाळलेली माती आणि बेशरमीची झुडपं.

नकाशा काढायचा होता. टेप सोबत होती, पण काकाजी भरल्या तलावाची खोली अंगावरच सांगत गेले. इथं घोटा, इथं गुडघा, इथं कंबर, इथं छाती, पाळीजवळ डोक्यावर. त्याच मापाने नकाशा काढला आणि तो टेपेपेक्षा कामाचा निघाला, कारण प्रत्येक पट्ट्यात काय उगवायचं तेही बायांना पाठ होतं. घोट्याएवढ्या पाण्यात देवधान, म्हणजे रानटी धान, आणि लव्हाळा. गुडघा ते कंबर पोयना, म्हणजे पाण्यावर पानं टाकणारी वनस्पती, आणि पाण्यावर पसरणाऱ्या बारीक पानांच्या वेली. कमरेपासून छातीपर्यंत कमळ, आणि पाण्याखाली हायड्रिला, व्हॅलिसनेरिया. डोक्यावरच्या पाण्यात तळाला फारसं काही नसायचं.

कागदावर रंग भरले तेव्हा दिसलं की तलावाचा निम्म्याहून जास्त पसारा घोटा ते कंबर या मापात बसतो. तलाव म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पाळीजवळचं खोल पाणी येतं. सिंचनाचा हिशेब त्याचाच, गाळ काढायची मागणीही तिथलीच. मासे मात्र अंडी घालतात ती काठाला, पक्षी चरतात ते काठाला, बाया कमळाची ढेस आणि भाजी काढतात तीही तिथूनच. आणि अतिक्रमण, बेशरम, रस्त्याची भर यांचा घाला आधी पडतो तो याच उथळ काठावर. या वर्षीचं आमचं काम एवढंच आहे : हा काठ राखायचा, गेला असेल तिथे परत उभा करायचा.

नोंदीसाठी : भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर मिळून असे ६,८६२ मालगुजारी तलाव मोजले गेले आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने यांतले कितीतरी बांधले. जमिनीचा उतार पाहून पाळ कुठे घालायची, पाणी सोडायचं तुडूम कुठे बसवायचं, जादा पाणी जायला सलंग कोणत्या टोकाला ठेवायची, हे त्यांचं ज्ञान. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत, संपली, तलाव सरकारजमा झाले. शंभर हेक्टरपर्यंतच्या सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे आले. दरवर्षी पाळीवर माती टाकायची, पाट साफ करायचे, ही गावाची रीत त्यानंतर हळूहळू सुटली.

१४ मे

बेशरम काढायला घेतली. ही झुडपं मूळची दक्षिण अमेरिकेतली. कुंपणाला आणि पाळीची माती धरायला बरी म्हणून लोकांनीच लावली. ढोरांना ती विषारी, त्यामुळे गाय-बकरी तोंड लावत नाही आणि तिला अडवणारं काही उरत नाही. ती दाट झाली की खाली ऊन पोचत नाही. देवधान, पोयना मरतात, आणि तिच्या बुडख्यांत गाळ अडकून काठ वर्षागणिक उंच होतो. मग एक दिवस ती जागा तलाव वाटेनाशी होते आणि कुणीतरी तिथे धुरा, म्हणजे शेताचा बांध, टाकतो.

कापून उपयोग नाही. ओल्या जमिनीवर पडलेल्या कांडीलाही मुळं फुटतात. मे महिन्यात पोट कोरडं असताना सब्बलीने, म्हणजे पहारीने, मुळासकट उपटायची, काठापासून लांब ढीग लावायचा, पूर्ण वाळू द्यायची आणि पावसाआधी जाळायची. निवडणुकीची आचारसंहिता सुरू असल्याने रोजगार हमीतून नवं काम आत्ता निघणार नाही असं कळलं. बायांनी ठरवलं, थांबायचं नाही. सकाळी सहा ते नऊ, घरटी एक माणूस.

एका तरुण शेतकऱ्याने तणनाशक मारायचा आग्रह धरला. एका दिवसात काम होईल, हे त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण याच पाण्यावर ढोरं येतात, याच मातीत पुढच्या महिन्यात मासे अंडी घालणार. गटातल्या एका मावशीने त्याला सांगितलं, "बाबू, औषध मारशीन त बेशरमच नाही मरन, आमची भाजीबी मरन ना जी." विषय तिथे संपला.

२३ मे

गाळाच्या प्रश्नावर बैठक. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे. तिच्यातून यंदा आपल्याही तलावात मशीन आणावी अशी शेतकऱ्यांची इच्छा. मला गाळ काढण्याला विरोध करायचा नाही. तलावाचा गाळ धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पडला तर जमीन सुधारते, पाणी साठायला जागा होते. भांडण आहे ते कुठून काढायचा आणि किती, यावर. ट्रॅक्टर सहज जातो म्हणून मशीन नेहमी काठावरून सुरू होते. उभ्या भिंतीचा खड्डा होतो. नकाशावरचा घोट्याचा आणि गुडघ्याचा पट्टा एका आठवड्यात डोक्याएवढा खोल. तिथे पोयना उगवत नाही, बगळा उभा राहू शकत नाही, आणि पाण्यावर आलेलं वासरू बुडतं.

दुसरी गोष्ट तळाची. जुन्या तलावांचा तळ चिकण मातीच्या थराने बसलेला असतो. तो थर खरवडून खालचा मुरूम उघडा पडला की पाणी झिरपून जातं. शेजारच्या एका गावात हे झालंय. खोलीकरण झाल्यावरही तिथला तलाव जानेवारीतच आटला, हे बैठकीला आलेल्या सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याचंच उदाहरण कामी आलं.

ठरलं ते असं : पाळीसमोरच्या खोल भागातूनच गाळ घ्यायचा, काळी माती संपून पिवळी चिकण लागली की थांबायचं, खड्ड्याच्या कडा तिरक्या ठेवायच्या. काठाच्या पट्ट्याला बांबू ठोकून लाल कापड बांधलं. बांबूच्या आत मशीन येणार नाही. मशीन चालेल तेवढे दिवस मोहल्ल्यातली दोन माणसं पाळीवर बसतील.

१२ जून

बेशरम निघाली तो भाग नांगरून घेतला. जवळच्या दोन तलावांतून लावणीसाठी गड्डे, वेली, देवधानाचे ठोंब आणले. ही पद्धत आमच्या डोक्यातून आलेली नाही. मनीष राजणकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने या भागात ढिवर लोकांसोबत कितीतरी वर्षं हेच काम केलं आहे : आधी बेशरम काढायची, पोट नांगरायचं, मग देशी पाणवनस्पती लावायच्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते याची माहिती ढिवरांकडूनच घेऊन. आमच्याकडे पाण्यातलं उतरून लावायचं काम बायांनी केलं. पुरुष यायला तयार होते, पण गड्डा किती खोल दाबायचा हे बायांचे हात जाणतात.

३० जून

पाऊस लागला आणि येवा, म्हणजे तलावात येणारं पाणी, कुठे अडतो ते पाहायला भर पावसात वरच्या जंगलाच्या कडेपासून निघालो. हे काम कोरड्यात करून समजत नाही. पाणी वाहताना पाहावं लागतं.

तीन ठिकाणं सापडली. एक, विटभट्टीसाठी माती काढून केलेला खड्डा. नाल्याचं पाणी आधी त्यात भरतं. दोन, एका शेतकऱ्याने नाल्यातच धुरा घालून बांधी वाढवली आहे. तीन, आणि सगळ्यांत मोठं, नवा रस्ता. रस्त्याखाली एकच नळी टाकली आहे, तीही नाल्याच्या पात्राहून उंच. पाणी रस्त्याला टेकून बाजूच्या नाल्याला वळतं आणि तलावाला न भेटताच निघून जातं. तलाव वाचवायचा म्हणजे पाळ आणि पोट पाहून भागत नाही, पाणी येण्याची वाट मोकळी हवी, हे आज सगळ्यांना एकदमच दिसलं. धुरा घालणारे शेतकरी सोबतच होते. त्यांनी जागेवरच कबूल केलं की दिवाळीनंतर धुरा मागे घेतो, आत्ता धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उभी आहेत. नळीबाबत संबंधित कार्यालयाला अर्ज दिला, फोटो जोडले.

९ जुलै

आजची नोंद लांब होणार, कारण वर्षातला खरा आठवडा हाच.

पहिल्या मोठ्या पुरात मासे चढतात. सलंगीवरून, पाटातून, बांध्यांतून, उलट्या पाण्याला तोंड देऊन. शिंगी, मांगूर, मरळ, बारीक मासे, झिंगे, सगळ्यांना उथळ, गवताळ, ताजं पाणी हवं असतं. आणि नेमकी याच वेळी गावोगाव माणसं सलंगीवर जाळं लावतात. त्यात आता मच्छरदाणीच्या कापडाची जाळी आली आहेत. अंड्यावरची मादी गेली, आणि जगली तिचं बोटाएवढं पिल्लूही त्यातून सुटत नाही.

मच्छीमार संस्थेच्या बैठकीत काकाजींनीच विषय काढला. मी फक्त फळ्यावर हिशेब मांडला. रोहू आणि कतला साचलेल्या तलावात वीण करत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं, म्हणून त्यांचं बीज संस्थेला दरवर्षी विकत घ्यावं लागतं. मरळ, शिंगी, मांगूर इथेच वाढतात, फुकट वाढतात, आणि बाजारात भाव जास्त मिळवतात. मरळ वनस्पतींच्या आडोशाला जागा करून अंडी घालते, पिल्लं थोडी मोठी होईपर्यंत त्यांच्याजवळ राखण करते. त्या दिवसांत नर-मादी मारली की सगळा थवा गेला. म्हणजे देशी मासा संपला की ढिवराचा नफाच बीज विकणाऱ्याकडे जातो.

ठरलेलं : चढणीच्या दिवसांत सलंगीवर आणि येव्याच्या नाल्यात कुणीच जाळं लावणार नाही, संस्थेचा सभासद असो वा गावातला पाटील. मच्छरदाणीचं जाळं कायमचं बंद. गवत्या मासा सोडायचा नाही, कारण तो आपण लावलेलं सगळं खाऊन टाकेल. आफ्रिकन मांगूर तर नकोच. त्याच्यावर देशात २००० सालापासून बंदी आहे, तो दिसेल ते खातो आणि देशी मांगुराच्या नावाने विकला जातो.

एक म्हातारे ढिवर उठून म्हणाले, "पंधरा दिवस आमी काय खावाचं, थे बी लिहा." लिहिलं. जोडून हेही लिहिलं की संस्थेच्या शिलकीतून त्या दिवसांत गरजू घरांना उचल द्यायची, आणि धानाच्या रोवणीच्या कामात त्यांना आधी बोलवायचं. निसर्ग राखायचा खर्च सगळ्यांत गरीब घराने एकट्याने सोसावा हे मला मान्य नाही आणि सभेलाही नव्हतं.

२१ जुलै

झड लागून आहे. तलाव सलंगीला लागला. लावलेल्या वेलींपैकी काही वाहून पाळीशी जमा झाल्या, बायांनी डोंग्यातून परत आणल्या. जाळं कुणी लावलं नाही.

१८ ऑगस्ट

धानावर फवारणी सुरू झाली. तलावाच्या वरच्या बाजूच्या बांध्यांतलं पाणी सुटलं की थेट काठावर येतं. वरच्या शेतकऱ्यांशी एवढंच बोलणं झालं : फवारल्यावर काही दिवस बांधी फोडायची नाही, पंप आणि डबे तलावात धुवायचे नाहीत, रिकामे डबे पाळीवर फेकायचे नाहीत. त्यातलं शेवटचं मुलांनी अंगावर घेतलं.

शेजारच्या शिवारात सारसाची जोडी आहे. गोंदिया जिल्हा हा महाराष्ट्रातल्या सारसांचा शेवटचा मोठा आसरा. अलीकडच्या गणनांमध्ये त्यांची संख्या पन्नाशीच्या आतच राहिली आहे. सारस धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठाला गवताचा मोठा ढीग रचून घरटं करतो, बहुतेक दोनच अंडी, आणि महिनाभर नर-मादी आळीपाळीने बसतात. त्याला आडोसा म्हणजे उथळ पाणी आणि लव्हाळा. लव्हाळ्याचे कंद तो चोचीने उकरून खातो. सारसांच्या घटत्या संख्येची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. विजेच्या तारांना धडकून मरणं आणि शेतातली विषारी औषधं, ही दोन कारणं त्यात ठळकपणे पुढे आली. ज्यांच्या बांधीत घरटं आहे त्या शेतकरी दादांना भेटलो. ते म्हणाले, पिलं उडेपर्यंत त्या कोपऱ्यात कापणी करणार नाही. आपल्या तलावाच्या वरच्या कोपऱ्यावरूनही वीजवाहिनी जाते. तारांना लांबून दिसतील असे फिरते बिल्ले लावावेत, म्हणून अर्ज तयार केला.

२ ऑक्टोबर

ग्रामसभा. गर्दी चांगली.

कायद्याची बाजू समजावून सांगणं अवघड गेलं, कारण ती खरोखरच गुंतागुंतीची आहे. पाणथळ जागा राखण्यासाठी देशादेशांत झालेल्या १९७१ च्या रामसर कराराच्या व्याख्येत माणसाने केलेलं पाणथळही येतं. पण आपल्या देशाच्या २०१७ च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली कामं आणि धानाची शेतं वगळली आहेत. मामा तलाव बांधले सिंचनासाठी. म्हणजे अडीच-तीनशे वर्षांत ज्याच्यात देवधान, मरळ, कमळपक्षी, सारस नांदले, ते पाणी या नियमांच्या बाहेर राहतं. हे मला चूक वाटतं आणि मी तसं सभेत बोललो.

मग हाताशी काय आहे? २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. आपली कागदावर होती, आज तिची नव्याने निवड झाली, ढिवर मोहल्ल्यातल्या दोन बाया तिच्यात आहेत. लोक जैवविविधता नोंदवहीत तलावाचं प्रकरण वेगळं लिहायचं. तलावाचा वरचा भाग जंगलाला लागून आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यातले मासे आणि इतर उपज यांचा सामूहिक हक्क मान्य केलेला आहे, त्याचा दावा करायचा.

अतिक्रमणावर आवाज चढले. वरच्या काठाला काही घरं वर्षानुवर्षं पाणी ओसरल्यावर लाखोळी, हरभरा घेतात. ती भूमिहीन घरं आहेत. त्यांना हाकलायचा ठराव कुणी मांडला असता तर मी त्याच्या विरोधात हात वर केला असता. ओसरत्या पाण्यामागे घेतलेलं पीक तलावाला मारत नाही. पुढच्या पावसात जागा पुन्हा पाण्याखाली जाते. तलाव मारते ती भर, धुरा, बोअर आणि पक्कं कुंपण. ठराव तसाच झाला : पीक घ्या, पण माती टाकायची नाही, बांध घालायचा नाही, औषध मारायचं नाही. सीमा मोजून दगड रोवायचे. एका मोठ्या शेतकऱ्याची भर मात्र काढावी लागणार आहे, आणि त्यासाठी भूमी अभिलेखाची मोजणी मागितली.

४ नोव्हेंबर

धानाला शेवटचं पाणी सोडून झालं. पुन्हा आचारसंहिता, मोजणी लांबली. उन्हाळी धानासाठी तलाव पूर्ण उपसायची मागणी आली. उन्हाळी धान पाणी फार पितं, आणि तलाव फेब्रुवारीतच रिकामा झाला तर मासे, ढोरं आणि विहिरी तिन्ही जातात. तुडुमाजवळ खांबाला तेलरंगाची पट्टी मारली. त्याखाली पाणी गेलं की तुडूम बंद. पट्टी कुठे मारायची यावर बराच वेळ ताणाताणी झाली. शेतकऱ्यांना हवी होती त्यापेक्षा वर, ढिवरांना हवी होती त्यापेक्षा खाली, अशा जागी ती बसली.

धुरा घातलेल्या शेतकऱ्यांनी शब्द पाळला. नाला मोकळा झाला.

२२ डिसेंबर

थंडी आणि पक्षी. नव्या लावणीच्या पट्ट्यात अडईचा थवा, काणूक, चांदवे, पोयन्याच्या पानांवर चालणारे कमळपक्षी. उघड्या पाण्यात तलवार बदकं. खोदलेल्या खोल भागावर जवळजवळ काहीच नाही. काठ आणि खोल पाणी यांतला फरक एका नजरेत दिसावा अशी ही जागा, म्हणून ग्रामपंचायतीच्या सदस्यांना सकाळी मुद्दाम पाळीवर आणलं. बदकं धरायला रात्री लावलेली एक जाळी सापडली, ती वनरक्षकांकडे दिली.

या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना पाणथळींची जागेवर जाऊन पडताळणी आणि सीमांकन पुरं करायला सांगितलं आहे. उपग्रहाच्या नकाशांवरून मोजलेल्या, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या दोन लाखांवर पाणथळींचा तो विषय. आपला तलाव त्या मापात बसतो. पडताळणीला कुणी येईल तेव्हा दाखवायला आपला अंगाच्या मापाचा नकाशा, वनस्पतींची यादी आणि ग्रामसभेचा ठराव एका फाइलीत लावून ठेवला.

२ फेब्रुवारी २०२५

जागतिक पाणथळ दिन. शाळेच्या पोरांना तलावात उतरवलं, भाषण ठेवलं नाही. प्रत्येक गटाला एक पट्टा दिला, घोट्याचा किंवा गुडघ्याचा, आणि त्यातली झाडं-किडे-गोगलगायी मोजायला सांगितलं. विदर्भातलं लोणार २०२० पासून रामसर यादीत आहे, हे पोरांना माहीत होतं. आपल्या तलावात देवधान आहे हे त्यांतल्या पुष्कळांना माहीत नव्हतं.

१६ मार्च

संस्थेची पहिली मोठी मासेमारी. मरळ आणि शिंगी गेल्या वर्षीपेक्षा जास्त आली, असं विकणाऱ्या बायांचं म्हणणं. वजनाची वही यंदापासूनच लिहायला घेतली आहे, त्यामुळे खरी तुलना पुढच्या वर्षी. पोयना दोन पट्ट्यांत धरला, देवधान एकाच ठिकाणी. वरच्या कोपऱ्यात बेशरमीचे कोंब पुन्हा फुटलेत. ते दरवर्षी काढावे लागतील, निदान तीन-चार वर्षं.

मोठ्या शेतकऱ्याच्या भरावाची मोजणी झाली, भराव तलावाच्या हद्दीत आहे हे कागदावर आलं. नोटीस निघाली आहे, माती अजून तिथेच आहे. रस्त्याच्या नळीवर काहीच उत्तर नाही. तारांना बिल्ले लावण्यासाठी वीजवाले पाहणी करून गेले.

कामं : बांबू आणि लाल कापडं तपासणे, तुटलेले बदलणे. पोट कोरडं पडायला लागलं की वरच्या कोपऱ्यापासून सब्बल. नळीसाठी सोमवारी बाया स्वतः कार्यालयात जाणार आहेत, सोबत पावसातले फोटो आणि ठरावाची प्रत. पाऊस लागायच्या आत दुसरी नळी पात्राच्या तळाला बसली पाहिजे, तोपर्यंत दर आठवड्याला पाठपुरावा.